ओवेनने चीटिंग केली नव्हती

रात्रीचा दीड वाजून गेलाय. सकाळी लवकर उठायचंय, तरी जागी आहे. कारण कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितेय. १९९४ सालच्या एका कुस्तीने झोप उडवली आहे. तीही खोट्या, निकाल आधीच ठरलेल्या टीव्हीवरच्या कुस्तीने.

झालं असं, की डोकं शांत व्हावं म्हणून ब्रेट विरुद्ध ओवेन लावली. म्हणजे ब्रेट हार्ट आणि त्याचा धाकटा भाऊ ओवेन, दोघे WWF चे पैलवान. रेसलमेनिया टेन, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, २० मार्च, त्या रात्रीची पहिलीच मॅच. ही मॅच मला पाठ आहे असं मी आजवर ऐटीत सांगत आलेय. शेवट तर झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन: ओवेन चीटिंग करतो आणि बिचारा ब्रेट हरतो. नेमकी काय चीटिंग, हे मला कधी कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

आज शेवट आला आणि गेला. चीटिंग आलीच नाही.

मागे नेऊन परत पाहिलं. मग आवाज बंद करून तिसऱ्यांदा. ब्रेट ओवेनच्या खांद्यांवर चढतो. तिथून पुढे कोलांटी घेऊन ओवेनला आडवा करायचा, असा त्याचा बेत असतो. ओवेन फक्त खाली बसतो. बस्स, एवढंच. ब्रेट पाठीवर आपटतो, ओवेनचे पाय त्याला दाबून धरतात, रेफरीचा हात तीनदा मॅटवर पडतो, मॅच संपते. दोरीवर पाय नाही, मुठीत चड्डी धरलेली नाही, रेफरीची नजर चुकवलेली नाही. वीसेक मिनिटं लढून धाकट्याने मोठ्याला स्वच्छ हरवलं. आणि ब्रेटचा चेहरा! हे काय झालं, असं वाटणारा माणूस कसा दिसतो ते त्या क्षणी बघून घ्यावं. माझाही तसाच झाला असणार.

तीस वर्षं मी त्या माणसाला चोर म्हणत होते.

हे इतकं का लागावं? खरं तर कारण मला माहीत आहे, नुसतं लिहायला धजत नाहीये. आमच्याकडे ब्रेट म्हणजे दादा होता. जमिनीवर दोन गाद्या, चारी बाजूंना उशा, आणि जांभळ्या काचांचा तो गॉगल. ब्रेट रिंगमध्ये जाण्याआधी आपला गॉगल पहिल्या रांगेतल्या एखाद्या पोराच्या डोळ्यांवर चढवायचा, म्हणून आमच्याकडेही गॉगलशिवाय मॅच सुरू व्हायची नाही. ओवेन व्हायचं माझ्या वाट्याला. धाकटी ना मी. हरायचं, शार्पशूटरमध्ये (पाय अडकवून पिळायचा ब्रेटचा ठरलेला डाव) ओरडायचं, आणि वर चोर म्हणून शिव्या खायच्या. एखाद वेळी चुकून जिंकले तरी, "चीटिंग केलीस, ओवेनसारखी." मीही ते मान्य करून टाकायचे. ओवेन चीटिंगच करतो, मग मीही केली असेल.

म्हणजे बघा, माझा विजयसुद्धा मला दुसऱ्याच्या शब्दांत आठवतो. परवा कागदपत्रांवरून जे झालं तेही असंच... असो. ते इथे नको.

साडेअकराला दादाला मेसेज टाकला होता. "ओवेनने चीटिंग केली नव्हती." नमस्कार नाही, चमत्कार नाही. परवानंतर आमचं बोलणं नव्हतं, त्यामुळे हा पहिलाच शब्द.

दोन मिनिटांत उत्तर: "केली होती."

"मी आत्ता पाहिली."

"नीट बघ."

याला म्हणतात दादा! स्वतः न बघता मला नीट बघायला सांगतो.

मग मी हट्टालाच पेटले. ही चीटिंग माझ्या डोक्यात आली कुठून? एवढी पक्की गोष्ट हवेतून येत नाही. जानेवारीपासून सुरुवात केली. रॉयल रंबल, प्रॉव्हिडन्स. दोघे भाऊ टॅग टीम म्हणून चॅम्पियन जोडी क्विबेकर्सविरुद्ध. जोडीतला एकच आत लढतो, हाताला हात लावून टॅग दिला की दुसरा आत येतो. ब्रेटचा गुडघा जातो, ओवेन कोपऱ्यात हात लांब करून उभा, आणि ब्रेट त्याला टॅग देतच नाही. स्वतःच शार्पशूटर लावायला जातो. पाय साथ देत नाही, रेफरी मॅच थांबवतो, हातची चॅम्पियनशिप जाते. मग ओवेन चिडतो आणि त्याच दुखऱ्या पायावर लाथ घालतो. वाईट केलं, मान्य. पण चीटिंग नाही ही. हा एवढा वेळ हात लांब करून उभा राहिल्याचा राग आहे. त्यानंतरच्या मुलाखतीत रागाच्या भरात त्याची जीभ अशी घसरली की "तुझ्या पायाखालून पाय काढला" म्हणायच्या ऐवजी तो "तुझ्या पायातून तुझा पाय काढला" असं काहीतरी बोलून गेला. आम्ही त्यावर कित्येक महिने हसलो होतो. आज हसू आलं नाही. खूप दिवस मनात घोळवलेलं बोलायची वेळ आली की असंच होतं. वाक्य ऐन वेळी घात करतं.

आणि एक गोष्ट मी विसरलेच होते. रेसलमेनियाची ती रात्र पहिल्या मॅचवर संपत नाही. ओवेनकडून हरलेला ब्रेट शेवटच्या मॅचमध्ये तेव्हाच्या चॅम्पियनला, योकोझुनाला हरवून चॅम्पियन होतो. बाकीचे पैलवान येऊन त्याला खांद्यावर घेतात, गार्डन नुसतं दणाणतं. आणि ओवेन येऊन वाटेत उभा राहतो. काही करत नाही, काही बोलत नाही. खालून वर बघतो. त्या रात्री ब्रेटला हरवलेला एकमेव माणूस तो, आणि खांद्यावर ब्रेट. लहानपणी मला ते बघणं जळकं वाटलं होतं. आज त्याच्या चेहऱ्यावर एक साधा हिशेब दिसला: मी याला हरवलं ना? मग?

यावर मी पंधरा मिनिटं छान रडून घेतलं. ओवेनसाठी म्हणून सुरू केलं होतं, पण ते काही ओवेनसाठी नव्हतं.

मग डोळे धुऊन पुढची लावली. ऑगस्टमधली समरस्लॅम, शिकागो, निळा लोखंडी पिंजरा. बत्तीस मिनिटं दोघं भाऊ त्या गजांवर चढतायत, उतरतायत, एकमेकांना पायाला धरून परत आत ओढतायत. जो आधी बाहेर पडेल तो जिंकला. घरातली माणसं पुढच्या रांगेत. शेवटी ओवेनचा पाय गजांत अडकतो, तो उलटा लटकतो आणि ब्रेट जमिनीला पाय लावतो. पाय अडकला म्हणून हरला! यावर कुणी तीस वर्षं "अन्याय" म्हणून ओरडलेलं मला तरी ऐकू आलेलं नाही.

आणि मग नोव्हेंबर. सर्व्हायव्हर सिरीज, सॅन अँटोनियो. ब्रेट विरुद्ध बॉब बॅकलंड. नियम असा, की आपल्या माणसासाठी कोपऱ्यातल्याने टॉवेल टाकला की तो हरला. ब्रेटच्या बाजूने त्याचा मेहुणा डेव्ही बॉय, बॅकलंडच्या बाजूने ओवेन. डेव्ही बॉय ओवेनच्या मागे धावतो, डोकं आपटून बेशुद्ध पडतो. इकडे बॅकलंडने ब्रेटला असा जखडलाय की मान हलत नाही. समोर स्टू आणि हेलन, त्यांचे खरे आईवडील. ओवेन आईपाशी जातो आणि रडायला लागतो. माझ्या भावाला सोडव, आई, तो मरेल, टॉवेल टाक. ती बाई गोंधळते. स्टू नको म्हणतो. ओवेन आणखी रडतो. मिनिटामागून मिनिटं हे चाललंय. शेवटी ती टॉवेल टाकते. आणि ज्या क्षणी टॉवेल पडतो, त्या क्षणी ओवेनचं रडणं बंद. उड्या मारत, हसत, दोन्ही हात वर करून तो आत पळत सुटतो. आई तिथेच.

सापडली. हीच ती चीटिंग. खरी, शंभर नंबरी. फक्त आठ महिन्यांनंतरची आणि दुसऱ्याच मॅचमधली. माझ्या डोक्याने टॉवेल उचलून मार्चमध्ये नेऊन टाकला आणि ओवेनचा तो स्वच्छ विजय पुसून टाकला.

पण काय काम केलंय त्या आईने. अभिनय शिकलेली नाही, बारा मुलांची आई, बहुतेक घरी पैलवान जेवायला वाढत आलेली. त्या बाराजणांत ब्रेट आठवा आणि ओवेन शेंडेफळ. शेंडेफळाने रडून आईकडून काही करून घेणं तिला काही नवीन नसणार. म्हणूनच ते इतकं खरं वाटतं.

एकदा शंका आली की सगळीकडेच येते. ९७ च्या समरस्लॅममध्ये ओवेनने समोरच्या पैलवानाला, स्टीव्ह ऑस्टिनला उलटं धरून आपटलं आणि ऑस्टिनचं डोकं सरळ मॅटवर बसलं. खरंच बसलं. हातपाय हलेनात. तेव्हा ओवेन रिंगमध्ये फिरत प्रेक्षकांना चिडवत होता, ओरडत होता. किती माजोरडा, असं मी तेव्हा म्हटल्याचं आठवतं (आठवतं म्हणावं का आता?). तो वेळ काढत होता. समोरचा माणूस हलू शकत नाही हे त्याला कळलं होतं, आणि तो श्वास घेईपर्यंत हॉलचं लक्ष त्याने स्वतःकडे ओढून ठेवलं होतं. मग ऑस्टिनने कसाबसा सरपटत येऊन त्याला गुंडाळला, आणि ओवेन मुकाट्याने पडून राहून हरला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी मॉन्ट्रियल. तिथे कंपनीच्या मालकाने, व्हिन्स मॅकमॅहनने, ब्रेटला न सांगता मॅच मधेच संपवून त्याची चॅम्पियनशिप काढून घेतली. रेसलमेनिया टेनला कॉमेंट्री करणारा तो उत्साही आवाज या व्हिन्सचाच. तेव्हा आम्हाला तो नुसता कॉमेंट्रीवाला वाटायचा. ब्रेट गेला, ओवेन तिथेच राहिला. १९९९ च्या मेमध्ये कॅन्सस सिटीत, केम्पर अरेनात, ब्लू ब्लेझरच्या पोशाखात त्याला छतावरून दोराने खाली सोडत होते आणि तो पडला. चौतीस वर्षांचा होता. त्या रात्री कार्यक्रम पुढे चालू ठेवला. ते मी बघत नाही. बघणारही नाही. पण रेसलमेनिया टेनमध्ये तो खांद्यावरच्या ब्रेटकडे खालून बघतो, तेव्हा आता ते वर्षही मधे येतं, त्याला इलाज नाही.

इतकं सगळं झाल्यावर, सव्वाच्या सुमारास, दादाला पुराव्यासकट लांबलचक मेसेज लिहिला. मार्च वेगळा, नोव्हेंबर वेगळा. टॉवेल वेगळा, पिन वेगळा. शेवटी लिहिलं, "तू तेव्हा चीटिंग म्हणालास म्हणून मी आयुष्यभर चीटिंग म्हणत राहिले. मला नेहमी ओवेन केलंस तू." पाठवल्यावर वाटलं, हे शेवटचं वाक्य परवाच बोलायला हवं होतं. तेव्हा माझ्याही पायातून पाय निघाला होता.

वाटलं, झोपला असेल. पण टायपिंग, टायपिंग, टायपिंग.

"तू कुठे ओवेन होतीस? तू ब्रेट. कायम. मला ओवेन व्हायला लागायचं."

"काहीतरीच."

"शार्पशूटर तुला नीट लावता यायचा नाही. मी स्वतःच पाय अडकवून घ्यायचो आणि ओरडायचो. आणि मी चुकून जिंकलो की तू रडत आईकडे. मग आई येणार, मॅच बंद."

पुढे आणखी एक: "चीटिंग हा शब्द तुझा. माझा नाही."

मी "खोटं" असं टाइप केलं. मग पुसलं. आज रात्री मी आठवणीच्या भरवशावर काय बोलणार? जी मॅच जशीच्या तशी उपलब्ध आहे ती चुकीची आठवते, तर आमच्या गाद्यांवरच्या मॅचचं तर कुठे चित्रणच नाही. तिथे दादाच रेफरी आणि दादाच कॉमेंट्रीवाला. किंवा मी.

"गॉगल तर तुझा होता," मी लिहिलं. एवढं तरी.

"एकदाच घातला मी. तू आईला बोलावलंस."

फोन पालथा ठेवून दिवा बंद केला. अंधारात तो गॉगल दादाच्या डोळ्यांवर कसा दिसायचा ते आठवून बघितलं. कपाळावर केस, खाली गॉगल, गॉगलच्या काचांत मी. येईना. आलं ते भलतंच. सगळी खोली जांभळी झालेली, दोन्ही गाद्या जांभळ्या, घसरणारी काडी कानामागे दाबून धरलेलं बोट, आणि समोर जांभळा दादा, पाय पुढे करून बसलेला, धर लवकर म्हणतोय.

उठून परत दिवा लावला आणि हे लिहायला बसले. त्याचा आणखी एक मेसेज येऊन पडलाय: "टॉवेलचं मात्र बरोबर. ती चीटिंगच."

हो, लिहिलं मी. ती होती.