दार उघडले तेव्हा किती वाजले होते?

रोमहून कोलोन-बॉनला येणारे आमचे विमान नेमके किती उशिरा पोहोचले, या एका प्रश्नावर एका विमान कंपनीशी माझा पाच महिने पत्रव्यवहार चालला. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे उशीर दोन तास छप्पन्न मिनिटांचा होता आणि माझ्या वडिलांच्या खिशातल्या डायरीप्रमाणे तीन तास सात मिनिटांचा. मधल्या अकरा मिनिटांवर आई, बाबा आणि मी अशा तिघांच्या भरपाईचे मिळून ७५० युरो अवलंबून होते. कंपनीचे नाव इथे लिहीत नाही, कारण या धंद्यातल्या बहुतेक कंपन्यांची रीत साधारण अशीच आहे.

मी बॉनला राहते. सप्टेंबर २०२४ मध्ये आई-बाबा मिरजेहून सहा आठवड्यांसाठी माझ्याकडे आले होते आणि त्यांना रोम दाखवावे म्हणून मी अगदी स्वस्तातली, माणशी एका बाजूचे २९ युरो पडणारी तिकिटे काढली. या कंपन्यांचे गणित आपल्याकडच्या ‘स्वस्त विमानसेवे’पेक्षा बरेच कडक असते. तिकिटाच्या पैशांत फक्त बसायला जागा मिळते. ती कोणती असावी हे ठरवायचे तर वेगळे पैसे, डोक्यावरच्या कप्प्यात बॅग ठेवायची तर वेगळे पैसे आणि घरून चेक-इन करायचे विसरलात तर विमानतळावर तिकिटाहून जास्त रकमेचा भुर्दंड. फुकट नेता येते ती एकच लहान पिशवी, तीही पुढच्या आसनाखाली मावणारी. आमच्या कंपनीचे माप होते ४० × २५ × २० सेंटिमीटर, चाके आणि मूठ धरून.

‘चाके आणि मूठ धरून’ हे शब्द मी वाचले होते. आईच्या बॅगेला ते लावून पाहायचे राहिले. आईने मिरजेतच शिवणकामाच्या टेपने बॅग मोजली होती, पण चाके सोडून. जाताना विमानतळावर, विमानाकडे सोडतात त्या दारापाशी एक लोखंडी सांगाडा ठेवलेला होता, आपल्याकडे धान्य मोजायचे माप असते तसा, फक्त चौकोनी. कर्मचारी बाईंनी बॅग त्यात घालायला सांगितली. बॅग अलगद खाली गेली आणि तळाशी चाकांवर अडली. वर दोन बोटे मूठ उरली. आईने ती दाबून पाहिली, मग आतला चकल्यांचा डबा काढून बाबांच्या जाकिटात कोंबला आणि पुन्हा दाबून पाहिली. पण चाके काही दबणारी नव्हती. ६९ युरो भरावे लागले. आई म्हणाली, “अगं, माझ्या तिकिटापेक्षा पिशवीचं तिकीट दुपटीनं महाग?” हेच डोक्यावरच्या कप्प्याचे पैसे आदल्या दिवशी घरून भरले असते तर निम्म्याहून कमी लागले असते. दारावरचा दर मुद्दाम जबर ठेवलेला असतो, कारण पंचवीस-तीस मिनिटांत विमान रिकामे करून, भरून पुन्हा उडवायचे असते आणि बॅगांची ओढाताण त्या हिशेबात बसत नाही. हे कारण मला समजते. सांगाड्यासमोर उभ्या असलेल्या सत्तरीच्या बाईला ते समजावे ही अपेक्षा मात्र जरा जास्तच आहे.

परतीच्या दिवशी विमान संध्याकाळी ५ वाजून ३५ मिनिटांनी सुटून ७ वाजून ४५ मिनिटांनी पोहोचायचे होते. सहा वाजता फलकावर ‘विलंब’ उमटले, सात वाजता नुसतीच नवी वेळ आली, आणि काउंटरवर विचारल्यावर ‘तांत्रिक अडचण’ एवढे दोन शब्द मिळाले. युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम मला ढोबळ माहीत होता. त्याप्रमाणे १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासात सुटायलाच दोन तासांचा उशीर होणार असेल तर कंपनीने खाण्यापिण्याची सोय करायची असते आणि प्रवाशांच्या हक्कांची माहिती लेखी द्यायची असते. आम्हाला दोन्ही मिळाले नाही. मी तिघांसाठी सँडविच, पाणी आणि चहा घेतला, ३१ युरो ४० सेंटची पावती घडी घालून पासपोर्टात ठेवली आणि फलकाचा फोटो काढला.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली, तरी कोणत्याही वाहनात बसले की सुटायची आणि पोहोचायची वेळ ते लिहून ठेवतात. त्या रात्रीच्या तीन नोंदी अशा आहेत: ‘चाके टेकली १०.४१. उभे राहिले १०.४७. दार उघडले १०.५२.’ विमान उभे राहिल्यावर जिना यायला वेळ लागला होता. घरी येताना टॅक्सीत मी सहज म्हटले की चाके टेकली तेव्हा तीन तासांना चार मिनिटे कमी पडली, नाहीतर भरपाई मिळाली असती. त्यावर बाबा म्हणाले, “चार मिनिटं कशी कमी? गाडी फलाटाला लागल्याशिवाय ‘आली’ असं लिहीत नाहीत. फाट्यावर दिसली म्हणजे आली होय?”

मला ते बोलणे तेव्हा बाबांच्या सवयीचे वाटले होते. दुसऱ्या दिवशी शोधाशोध केल्यावर कळले की लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने ४ सप्टेंबर २०१४ रोजी जवळजवळ हेच म्हटले आहे. त्या खटल्यातले विमान साल्झबुर्गहून कोलोन-बॉनलाच आले होते. चाके टेकली तेव्हा उशीर दोन तास अठ्ठावन्न मिनिटांचा होता, विमान जागेवर उभे राहिले तेव्हा तीन तास तीन मिनिटांचा. न्यायालयाचा निर्णय असा की पोहोचण्याची वेळ म्हणजे विमानाचे किमान एक दार उघडून प्रवाशांना उतरायची मुभा मिळण्याची वेळ. तोवर माणूस आत अडकलेलाच असतो, आणि त्याला आपली कामे करता येत नाहीत.

तीन तासांची अट मूळ नियमात या स्वरूपात नाही, हेही तेव्हाच समजले. नियमात भरपाई लिहिली आहे ती उड्डाण रद्द झाल्यास. उशीरही तीन तासांचा झाला तर प्रवाशाचे नुकसान तेवढेच, म्हणून त्यालाही भरपाई द्यावी, असे न्यायालयाने १९ नोव्हेंबर २००९ च्या निकालात ठरवले. १५०० किलोमीटरपर्यंत माणशी २५० युरो, युरोपातल्या त्याहून लांबच्या प्रवासाला ४०० आणि ३५०० किलोमीटरच्या पुढच्या आंतरखंडीय प्रवासाला ६००, असा दर आहे. आपल्याकडच्या पाहुण्यांनी ध्यानात ठेवावे असे म्हणजे हा नियम प्रवाशाचे नागरिकत्व विचारत नाही. संघातल्या विमानतळावरून सुटणारे कोणत्याही कंपनीचे विमान त्यात येते. बाहेरून संघात येणारे विमान मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. म्हणजे फ्रँकफर्टहून मुंबईला भारतीय कंपनीने जाताना हा हक्क असतो आणि त्याच कंपनीने मुंबईहून फ्रँकफर्टला येताना नसतो.

भरपाई मिळवून देणाऱ्या खासगी संस्था इथे पुष्कळ आहेत. त्या सगळे काम करतात आणि मिळालेल्या रकमेतला मोठा वाटा ठेवून घेतात. मी तो मार्ग धरला नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरचा अर्ज स्वतःच भरला, बोर्डिंग पास, पावती आणि बाबांच्या डायरीच्या पानाचा फोटो जोडला. तीन आठवड्यांनी उत्तर आले: उशीर तीन तासांपेक्षा कमी, सबब मागणी अमान्य. मी दार उघडल्याची वेळ, जिन्यावरून काढलेल्या फोटोची वेळ आणि २०१४ च्या निकालाचा क्रमांक लिहून परत पाठवले. या वेळी ‘दोन तास छप्पन्न मिनिटे’ हा मुद्दा पत्रातून गायब झाला आणि त्याच्या जागी ‘असाधारण परिस्थिती’ आली. तांत्रिक बिघाड आमच्या हाताबाहेरचा होता, असे कंपनीचे म्हणणे.

इथे बहुतेक लोक थांबतात, आणि मला वाटते पत्र त्यासाठीच तसे लिहिलेले असते. वादळ किंवा पक्ष्याची धडक ही असाधारण परिस्थिती मानली जाते. पण २२ डिसेंबर २००८ च्या निकालाने स्पष्ट केले आहे की विमानाची देखभाल करताना समोर येणारे बिघाड हा विमान कंपनीच्या रोजच्या धंद्याचाच भाग आहे, आणि असाधारण काही घडले हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे. मी बिघाड नेमका कोणता हे विचारले. उत्तर आले नाही.

अर्जाला दोन महिने पूर्ण झाल्यावर जर्मनीत तंटा निवारण संस्थेकडे जाता येते. प्रवास आणि वाहतुकीच्या तक्रारी घेणारी अशी एक संस्था बर्लिनला आहे आणि प्रवाशाला तिथे शुल्क पडत नाही. मी डिसेंबरमध्ये तिथे प्रकरण दिले. कायद्यापेक्षा कागदांचाच त्रास जास्त झाला, कारण तोवर आई-बाबा मिरजेला परतले होते आणि त्यांच्या वतीने बोलायला मला दोघांची सही असलेले अधिकारपत्र हवे होते. बाबांची सही मराठीत आहे. पासपोर्टावर तशीच असल्यामुळे अडले नाही, पण पहिल्या वेळी त्यांनी जर्मन लोकांना वाचता यावी म्हणून मुद्दाम इंग्रजीत केली आणि ती जुळेना, तेव्हा सगळे पुन्हा छापून, सही करून, भाच्याकडून स्कॅन करून मागवावे लागले.

याच काळात, नोव्हेंबरमध्ये, बातमी आली की स्पेनच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने हातातल्या सामानाचे पैसे घेण्यासारख्या प्रथांबद्दल पाच स्वस्त विमान कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड केला. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागायचे ठरवले. मला आईचे ६९ युरो आठवले. लक्झेंबर्गच्या त्याच युरोपीय न्यायालयाचा १८ सप्टेंबर २०१४ चा एक निकाल असा आहे की हातातले सामान हा प्रवाशाच्या वाहतुकीचा आवश्यक भाग असल्यामुळे, वजन आणि आकार वाजवी असेल तर, त्याचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. तो आधार दाखवून मी तीही रक्कम मागून पाहिली. संस्थेच्या वकिलांनी सौम्य शब्दांत कळवले की वाजवी आकार म्हणजे किती सेंटिमीटर हे निकालात नाही, आणि माप तर मी तिकीट काढताना मान्य केलेले होते. मला हे पटले नाही, पण त्या बळावर भांडण्याइतकी बाजू भक्कम नव्हती हे खरे.

फेब्रुवारीत संस्थेची शिफारस आली आणि दहा दिवसांत कंपनीने ७५० युरो आणि खाण्याचे ३१ युरो ४० सेंट माझ्या खात्यात जमा केले. त्याआधी मध्येच एकदा प्रवास-कूपन देऊ केले होते. प्रवाशाच्या लेखी संमतीशिवाय भरपाई कूपनच्या रूपात देता येत नाही, म्हणून मी नाही म्हटले.

फोनवर सांगितले तेव्हा बाबा गप्प झाले. तिघांची जाऊन-येऊन तिकिटे १७४ युरोंची, आणि भरपाई साडेसातशे, हे त्यांना बरोबर वाटेना. ही भरपाई तिकिटाचा परतावा नसून गेलेल्या वेळेची आहे आणि म्हणून तिकीट कितीचे याच्याशी तिचा संबंध नाही, हे मी त्यांना दोनदा समजावले. “मग एसटीनं काय करावं?” एवढेच ते म्हणाले.

जून २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या वाहतूक मंत्र्यांनी लहान आणि मध्यम पल्ल्याची तीन तासांची मर्यादा चार तासांवर न्यायचा प्रस्ताव संमत केला. त्याचा कायदा व्हायला युरोपीय संसदेची संमती लागते. त्या हिशेबाने बाबांची डायरीही उपयोगी पडली नसती. आईने मात्र आपल्यापुरता बंदोबस्त केला आहे. मिरजेत बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून तिने त्या बॅगेची चारही चाके काढून घेतली आणि भोकांवर चामड्याची ठिगळे शिवून घेतली.