झुडपी म्हणजे पडीक नव्हे

सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' लिहिलेली जमीन बघून बाहेरचा माणूस विचारतो, यात जंगल कुठंय? उंच झाडं नाहीत, खाली सगळा मुरूम, वर कमरेएवढा पळस, बोराटी, तरवड, मधेच एखादी सिंदी. पडीकच वाटते.

आमच्या भंडाऱ्याकडच्या गावात जंगल वेगळं आणि झुडपी वेगळी. जंगलात मोहफुलं वेचायला जायचं, तेही जिवाला जपून. झुडपी मात्र गावाला लागून, रोजच्या वापरातली. सकाळी आखरावर, म्हणजे गुरं गोळा करायच्या जागी, गुरं जमली की गायकी, म्हणजे गावाचा गुराखी, तिकडेच हाकतो. पावसाळा लागला की आई तिथूनच तरोटा खुडून आणायची, अगदी कोवळा असतानाच, कारण जून झाला की कडू लागतो. लसूण, मिरची, मूठभर भिजवलेली चण्याची डाळ घालून परतला की भाकरीसोबत दुसरं काही लागत नाही.

हा भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. चराई, सरपण, कुंपणाच्या काट्या अशा निस्ताराच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या रोजच्या वापराच्या, गरजांसाठी ही जमीन गावाची म्हणून राखलेली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ती पसरली आहे. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने वनांविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात सांगितलं, की शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वनच, आणि सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेलं तेही वन, मालक कोणी का असेना. मग झुडपीचं काय, हा वाद चालत राहिला. २२ मे २०२५ ला न्यायालयाने झुडपीही वनच ठरवली. १९९६ पूर्वी दिलेल्या जागांवरची घरं, शाळा नियमित करायची वाटही ठेवली.

मला या निकालाचा मनापासून आनंद झाला. काळजी आता वेगळीच आहे. वन म्हटलं की खड्डे खणून सागवान लावायचं, भोवती तार ओढायची, ही आपली जुनी सवय. तितर आणि लावे जमिनीवर, गवताच्या बुडाशी अंडी घालतात. खड्ड्यांच्या रांगांत ती कुठे घालणार? गुरं तारेबाहेर राहिली तर गायकी काय करणार?

म्हणून ग्रामसभेत वृक्षारोपणाचा ठराव आला, तर आधी त्या गायकीला बोलवा. कुठल्या पट्ट्यात पवन्या गवत येतं, कुठे कुसळी, आणि गुरं कधी कुठे चरतात, हे त्याच्याकडून लिहून घ्या. झाडं कुठे लावायची ते मग ठरवा.