तुम्ही विचारलंत म्हणून: बायोवेअरचा सगळ्यात भारी गेम, आणि सगळ्यात फसलेला

बायोवेअरचे गेम मी वर्षानुवर्षं खेळत आलेय हे कळलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "मग त्यांचा सगळ्यात भारी कोणता आणि सगळ्यात टुकार कोणता?" मास इफेक्ट 2 आणि अँथम, एवढं सांगून मोकळं होता येतं. पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. "बाल्डर्स गेट सोडून मास इफेक्ट?" किंवा "अँथम? मग मास इफेक्ट: अँड्रोमिडा काय होता?" असं लगेच सुरू होतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ज्यांना नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बायोवेअर हा कॅनडातल्या एडमंटनचा, व्हिडिओ गेम बनवणारा स्टुडिओ, 1995 साली सुरू झालेला. सुरू करणारे रे म्युझिका, ग्रेग झेशुक आणि ऑगस्टिन यिप हे तिघंही डॉक्टर. 1998 च्या बाल्डर्स गेटने त्यांचं नाव झालं. तेव्हापासून लोक यांचे गेम घेतात ते लढाईसाठी कमी आणि सोबत्यांसाठी जास्त. तुमच्याबरोबर फिरणारी, भांडणारी, रुसणारी, मध्येच सोडून जाणारी माणसं. म्हणजे, माणसं आणि बाकीचे प्राणी.

वयाचा मान म्हणून बाल्डर्स गेट 2 आधी घेते. साल 2000. तुमची बालमैत्रीण इमोएन हिला पकडून नेलंय आणि तिला सोडवायला 20 हजार सोन्याची नाणी हवीत. ती कुठून आणायची हे तुम्ही बघा, म्हणून गेम तुम्हाला अथकातला शहरात मोकळं सोडून देतो. मी पैसे जमवायला निघाले आणि एका कामातून दुसऱ्या कामात अशी अडकत गेले की इमोएनची आठवण झाली तेव्हा शरमेने मेल्यासारखं झालं. बरोबर मिन्स्क नावाचा आडदांड लढवय्या होता, जो आपल्या बू नावाच्या हॅमस्टरचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल उचलत नाही. तरीही पहिला नंबर याला देत नाही, कारण नवख्या माणसाच्या हातात तो देता येत नाही. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे. त्यात चिलखत जितकं चांगलं तितका त्याचा आकडा कमी. हे समजावून सांगता सांगता माझे दोन मित्र कायमचे गमावलेत (गेमसाठी, मैत्री शाबूत आहे).

आता मास इफेक्ट 2. जानेवारी 2010. गोष्ट म्हणाल तर चार ओळींची आहे: कलेक्टर नावाचे परग्रहवासी माणसांच्या वसाहती उचलून नेताहेत, त्यांच्या तळावर जायचं आहे, परत येण्याची खात्री नाही, तेव्हा कमांडर शेपर्ड (म्हणजे तुम्ही), टोळी जमवा. बस. सगळा गेम टोळी जमवण्यातच जातो. पण जमवलेल्या प्रत्येकाचं काहीतरी अर्धवट राहिलेलं असतं आणि ते पुरं करायला तुम्ही त्याच्याबरोबर जायचं. तुम्ही गेलात की नाही, त्यावर शेवटी कोण जगतं आणि कोण मरतं हे ठरतं.

त्यातलं मॉर्डिन सोलसचं मिशन माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. मॉर्डिन हा सॅलेरियन नावाच्या परग्रही जमातीतला शास्त्रज्ञ. बोलणं भराभर, तुटक, वाक्यातले निम्मे शब्द गिळलेले. फावल्या वेळात गाणारा. पहिले काही तास तुम्ही त्याला विनोदी पात्र समजता. मग कळतं की जीनोफेज नावाच्या जैविक अस्त्राची सुधारित आवृत्ती बनवणाऱ्यांत हा होता. त्या अस्त्रामुळे क्रोगन जमातीची जवळजवळ सगळी मुलं जन्मायच्या आधीच मरतात. त्याच्याकडे सगळी आकडेवारी तयार असते, हे करणं भाग होतं हे तो तुम्हाला पटवूनही देतो. मग टुचांका ग्रहावरच्या एका पडक्या इस्पितळात एका क्रोगन बाईचं प्रेत सापडतं. उपाय सापडावा म्हणून स्वतःहून प्रयोगांना तयार झालेली बाई. तिथे तो थांबतो. भराभर बोलणाऱ्याची गती तिथे पडते. तुम्ही त्याला धीर द्या किंवा जाब विचारा. मी जाब विचारायला गेले आणि दुसऱ्याच वाक्याला माझंच अवसान गळालं.

आणि आता माझी चूक सांगते. गेमच्या शेवटाकडे कलेक्टर तुमच्या जहाजावरचा सगळा क्रू पळवून नेतात. खलनायक आपली वाट बघत बसतो हे इतर सगळ्या गेमनी मला शिकवलेलं. इमोएन नाही का बसली होती वाट बघत! म्हणून मी आधी उरलेली बारीकसारीक कामं उरकली. मग तळावर पोचले. काचेच्या नळकांड्यांमध्ये माझी माणसं उभी होती आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यातली एक विरघळली. केली चेंबर्स. जहाजाच्या नकाशापाशी उभी राहणारी, तुमचे निरोप आलेत हे दर वेळी आठवणीने सांगणारी मुलगी. मी उशीर केला म्हणून अर्धा क्रू गेला. गेमने आधी धमकावलं नाही, नंतर बोलही लावला नाही. त्या रात्री मी जुनी सेव्ह फाइल शोधत बसले होते. शोधूनही ती उघडली नाही, कारण तसं करणं खोटेपणाचं वाटलं.

दोष आहेत. खनिजांसाठी एकेक ग्रह स्कॅन करत प्रोब टाकत बसायचं काम कंटाळवाणं आहे, त्याची बाजू मी घेणार नाही.

मास इफेक्ट 3 च्या शेवटावरून 2012 मध्ये जो गदारोळ झाला, त्यावर इतकं बोलून झालंय की मी फक्त एवढंच म्हणेन: शेवटची दहा मिनिटं फसली, आधीचे तीसेक तास नाहीत.

वाईट गेमकडे येण्याआधी एका गेमची बाजू घ्यायची आहे. ड्रॅगन एज 2, साल 2011. 'सगळ्यात वाईट'च्या यादीत हा फुकट अडकतो. स्टुडिओला तो बनवायला दीड वर्षसुद्धा मिळालं नव्हतं आणि ते दिसतं. एकच गुहा इतक्यांदा येते की शेवटी तिचे कोपरे पाठ होतात. नकाशावर दार उघडं दाखवलेलं असतं आणि समोर दगडी भिंत. पण जग वाचवायला निघालेल्या नायकाऐवजी इथे कर्कवॉल नावाच्या एकाच शहरात वर्षानुवर्षं राहणारं एक निर्वासित कुटुंब आहे. आईच्या नावाने घरी पांढऱ्या लिलींचा गुच्छ येतो. ज्याने खेळलाय त्याला पुढचं सांगायला नको, ज्याने नाही त्याला सांगणार नाही.

अँड्रोमिडाचंही तसंच. 2017 साली लोकांनी त्यातल्या चेहऱ्यांची यथेच्छ टिंगल केली. एक बाई बधिर चेहऱ्याने "माझा चेहरा दमलाय" असं म्हणते तेव्हा टिंगल न करणंच अवघड होतं. मला तो गेम सपक वाटला, पण सपक म्हणजे वाईट नव्हे. जेटपॅकने उसळ्या मारत केलेली त्यातली लढाई आधीच्या तिन्हींपेक्षा सरस आहे.

मग अँथम. फेब्रुवारी 2019. गंमत म्हणजे या स्टुडिओने हाताला दिलेला सगळ्यात सुंदर अनुभव याच गेममध्ये आहे. जॅव्हलिन नावाचं यांत्रिक चिलखत घालून तुम्ही कड्यावरून उडी मारता आणि उडता. इंजिन तापत जातं, कडेला उष्णतेची पट्टी चढत जाते. तापून बंद पडायच्या आत थंड करायचं, म्हणून तुम्ही नदीला घासून उडता किंवा सरळ धबधब्यात शिरता. पलीकडून बाहेर येता तेव्हा पट्टी खाली आलेली असते. कुणी न शिकवता दहा मिनिटांत हात तयार होतो. मी कितीदा तरी कामं सोडून नुसती उडत बसले.

बाकी गेम मात्र पोकळ. मिशनला जायचं, लोडिंग. गुहेत शिरायचं, लोडिंग. परत आलं की फोर्ट टार्सिस नावाच्या किल्ल्यात मुंगीच्या पावलांनी चालायचं, आत्ताच उडत आलेल्या माणसाने. गोष्ट ऐन भरात येणार असं वाटतं तोच थडगी उघडायचं काम पुढ्यात येतं, त्याआधी इतक्या पेट्या उघडा, इतक्या साथीदारांना उठवा अशी यादी. ज्या गेमचा सगळा डोलारा नवनवी शस्त्रं मिळवण्यावर, त्यात खेळाडूंनी शोधून काढलं की सुरुवातीला फुकट मिळणारी पहिल्या पातळीची रायफल शेवटच्या टप्प्यातल्या दुर्मिळ बंदुकांपेक्षा जास्त इजा करते. आणि सोबती? चार खेळाडूंच्या गेममध्ये सोबती किल्ल्यात उभे असतात, तुम्ही येऊन त्यांचं ऐकून जायचं. बायोवेअरने बायोवेअरचंच काम केलं नाही.

असं का झालं, हे एप्रिल 2019 मध्ये पत्रकार जेसन श्रायर यांच्या वृत्तांतातून बाहेर आलं. गेमवर वर्षानुवर्षं विचारच चालू होता, बरीचशी खरी बांधणी शेवटच्या दीडेक वर्षातली. जे उडणं मला इतकं आवडलं, तेसुद्धा मध्ये काढून टाकलेलं. स्टुडिओच्या मालक कंपनीच्या मोठ्या साहेबांना दाखवायच्या नमुन्यासाठी ते परत घातलं, साहेब खूश झाले, म्हणून राहिलं. गेम ज्यावर रचायचा ते इंजिन, म्हणजे पायाभूत सॉफ्टवेअर, फ्रॉस्टबाइट, मुळात बॅटलफील्ड या युद्धाच्या गेममधल्या गोळीबारासाठी बनवलेलं, त्यामुळे साध्यासाध्या गोष्टी नव्याने रचायच्या. आणि स्टुडिओत एक समजूत पक्की होती, तिला नावही होतं: बायोवेअरची जादू. कितीही गोंधळ असला तरी शेवटच्या काही महिन्यांत रात्रंदिवस राबलं की सगळं जुळून येतं.

ती समजूत हवेतून आली नव्हती. आधीच्या गेमच्या वेळी ते खरोखर जुळून आलं होतं. ड्रॅगन एज: इन्क्विझिशन तर अशाच धावपळीतून निघाला आणि 2014 च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. त्या वृत्तांतात तिथल्याच काही जणांचं म्हणणं आहे की इन्क्विझिशन आपटायला हवा होता, म्हणजे ही पद्धत चुकीची आहे हे तेव्हाच कळलं असतं. मला हे वाचून बरं वाटलं नाही, कारण त्या गेममध्ये मी शंभराहून जास्त तास आनंदात घालवलेत. म्हणून कुणी भारी आणि टुकार असे दोन वेगळे कप्पे मागितले की मी अडखळते. अँथम ज्यांनी बुडवला ते कुणी बाहेरचे नव्हते.

नव्याने घडवायचा प्रयत्न झाला, तोही फेब्रुवारी 2021 मध्ये सोडून दिला. अँथम पूर्णपणे ऑनलाइन, त्यामुळे 12 जानेवारी 2026 ला सर्व्हर बंद झाले आणि गेमच संपला. माझ्या कपाटात डिस्क आहे, ती आता ताटाखाली ठेवायच्या कामाची. धबधबा तुम्हाला दाखवायचा म्हटलं तर दाखवता येत नाही.

तेव्हा सुरुवात कुठून करायची? 2021 च्या लेजेंडरी एडिशनमध्ये पहिले तिन्ही मास इफेक्ट एकत्र आहेत, ती घ्या. पहिल्या भागापासूनच खेळा, कारण तुमचे निर्णय पुढच्या भागात तुमच्याबरोबर येतात. पहिल्यातली गाडी डोंगरावर चढताना लटपटते, तिच्यावर चिडू नका. दुसऱ्यात प्रत्येकाचं काम वेळेत करून द्या, मॉर्डिनचं आधी. आणि क्रू पळवून नेला की बाकी सगळं टाकून लगेच निघा.