ताडपत्रीपासून तंबूपर्यंत: आमची वाटचाल

ऐंशीच्या दशकात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाशिकला द्वारकेजवळ ताडपत्रीचं दुकान टाकलं, तेव्हा गिऱ्हाईक मुख्यतः दोन प्रकारचं होतं. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ट्रकवाले आणि निफाड-लासलगावकडचे कांद्याचे शेतकरी. जाड कॅनव्हास, कडेला पितळी रिंगा आणि जड कापडाची दोन शिलाई मशीन्स एवढाच संसार. नव्या कारागिराला अण्णा पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे: पाणी आधी सुईच्या भोकातून येतं, कापडातून नंतर. आज आम्ही तंबू विकतो, भाड्याने देतो आणि दुरुस्त करतो, ते सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

पुढे प्लॅस्टिकच्या तयार ताडपत्र्या आल्या. हलक्या, स्वस्त, शिवायची गरजच नाही. कॅनव्हासची कामं आटत गेली. त्याच सुमारास कॉलेजची ट्रेकिंगवाली मुलं दुकानात यायला लागली. कुणाच्या तंबूची चेन गेलेली, कुणाचा फ्लाय, म्हणजे तंबूवर घालायचं बाहेरचं कापड, हरिश्चंद्रगडावरच्या वाऱ्याने फाटलेला. मी बी.कॉम. होऊन दुकानात बसायला लागले होते. ही कामं माझ्याकडे आली आणि मला आवडली. दुसऱ्याचा माल उसवून परत शिवताना तो कुठे चांगला आहे आणि कुठे पैसे वाचवलेत, ते बोटांना कळतं.

कुटुंबं मात्र खऱ्या अर्थाने 2020 च्या टाळेबंदीनंतर आली. हॉटेलात जायची धास्ती, मुलं घरात कोंडलेली. मग लोक भंडारदऱ्याला, पवना धरणाच्या काठावर, आपापल्या शेतावर मुक्कामाला जाऊ लागले. सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच: "ताई, आम्ही चौघं आहोत, स्वस्तात चांगला तंबू द्या."

यावर आम्ही कापड दाखवत नाही. आधी खडू घेतो. दुकानाच्या फरशीवर दोन मीटर बाय दोन मीटरचा चौकोन आखलेला आहे. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त 'चार जणांच्या' तंबूंचं माप तेवढंच असतं. त्यात चौघांना आडवं व्हायला सांगतो. सुरुवातीला आई लाजते, मुलं धावत जाऊन झोपतात, मग बाबा शेवटची जागा घेतात आणि त्यांचा खांदा रेषेबाहेर येतो. माणशी 50 सेंटीमीटर वाट्याला येतात, ट्रेकिंगच्या बऱ्याच साध्या मॅटसुद्धा 60 सेंटीमीटर रुंद असतात. शिवाय घुमटाकार तंबूच्या भिंती आत झुकतात, त्यामुळे पावणेसहा फुटी माणसाचं डोकं आणि पाय दोन्हीकडे कापडाला टेकतात. पहाटे तिथेच दव असतं. म्हणून आमचा हिशोब असा की लेबलवरच्या आकड्यातून एक वजा करायचा. दोन मोठी माणसं आणि दोन लहान मुलं असतील तर चारचा चालतो. मुलं दहावी-बारावीतली असतील तर तीन मीटर लांबीचा बघा, किंवा छोटे दोन घ्या. दोन छोटे बऱ्याचदा स्वस्त पडतात आणि उभे करायलाही सोपे जातात.

स्वस्तातला तंबू वाईट असतोच असं मी मानत नाही. पैसा कुठे लावायचा आणि कुठे वाचवायचा, एवढंच बघायचं. खिसे, दिवा टांगायचे हूक, खिडक्यांचे नखरे यांवर वाचवा. दुहेरी थरावर वाचवू नका. आत जाळीचा तंबू आणि वरून वेगळा, जवळजवळ जमिनीपर्यंत येणारा फ्लाय, हे पाहिजेच. एकेरी कापडात चार माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर साचते आणि पहाटे थेंब होऊन अंगावर पडते. लोक येऊन सांगतात, तंबू गळतो. तो गळत नसतो, त्याला श्वास घ्यायला जागा नसते. टॅगवरचा 1500 मिमी हा आकडा म्हणजे कापडावर दीड मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही. फ्लायला तेवढं आपल्या हंगामात पुरतं. खालच्या कापडाला जास्त हवं, कारण गुडघ्याचा आणि कोपराचा दाब त्यावर येतो. आणि ते कापड कडेने वीतभर वर वळून मग शिवलेलं असावं, म्हणजे शिवण जमिनीवर येत नाही.

नवा माल आला की त्यातला एक तंबू मागच्या अंगणात उभा करून नळीने पाणी सोडतो. आत शिवणींच्या खाली वर्तमानपत्राचे कागद पसरलेले असतात. कागदावर जिथे डाग उमटतो, तिथे शिवण बंद करणारी टेप नीट बसलेली नसते. एकच डाग असेल तर आम्ही आतून टेप चिकटवून देतो, जास्त असतील तर तो सगळा लॉट परत जातो. कमी किमतीत विकायचं असेल तर ही तपासणी दुकानदारानेच करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. दोन लहान लेकरं घेऊन निघालेल्या माणसावर ती सोपवू नये.

तंबूसोबत येणारे बारीक पेग, म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्या, आपल्या मुरुमात वाकतात आणि कातळात तर जातच नाहीत. म्हणून नाशिकमधल्याच अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपमधून जाड सळईचे पेग करून घेतो. कातळावर मात्र दोरी मोठ्या दगडाला बांधायची. ताडपत्रीच्या उरलेल्या तुकड्यांतून तंबूखालची चादर कापून देतो, तंबूपेक्षा चार बोटं आतच. ती बाहेर राहिली तर पावसाचं पाणी तिच्यावरून थेट तुमच्या पाठीखाली येतं.

ज्यांना वर्षातून एकदाच जायचं आहे, त्यांना मी विकत घेऊच देत नाही. भाड्याने न्या, आवडलं आणि घ्यावासा वाटला तर भाडं किमतीतून वजा. भाड्याचे तंबू रविवारी रात्री ओलेच परत येतात. ते गच्चीवर सावलीत दोरीला लावून पूर्ण सुकेपर्यंत घडी घालत नाही. ओला बांधून ठेवलेल्या तंबूचं आतलं कोटिंग चिकट होतं, कुबट वास येतो, आणि मग काही उपाय चालत नाही. एक-दोन हंगाम वापरलेले तंबू कमी किमतीत विकतो. कुठे ठिगळ आहे आणि कोणता पोल बदलला आहे ते चिठ्ठीवर लिहून.

दोन गोष्टींना आमचा साफ नकार असतो. जुलै-ऑगस्टमध्ये घाटघर, भंडारदरा भागासाठी यातला एकही तंबू देत नाही. तिथला पाऊस या किमतीच्या कापडाने पेलायचा नाही. आणि डिसेंबरच्या थंडीत कुणी तंबूत शेगडी ठेवायचं बोललं, की तंबू मागे ठेवतो. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. त्यापेक्षा जास्तीची गोधडी आम्ही आमच्या घरून देतो.

सध्या मशीनवर आमचा स्वतःचा एक फ्लाय शिवतो आहोत, पुढे चपला आणि पातेली ठेवण्यापुरता ओसरीसारखा भाग असलेला. काजव्यांच्या दिवसांत, मे अखेरीस वळीव अचानक येतो, तेव्हा भंडारदऱ्यात तो कसा टिकतो ते बघून मग विक्रीला काढू. दिवाळीच्या सुट्टीची भाड्याची नोंदणी दसऱ्यापासून घेतो. येताना घरातल्या सगळ्यांना घेऊन या, निदान सगळ्यात उंच माणूस तरी बरोबर असू द्या.