दगडूची चोच : मार्च ते ऑगस्टच्या नोंदी

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी ओळख. दगडू हा सल्काटा, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातलं जमिनीवरचं कासव. आधीचं कुटुंब परदेशी गेलं तेव्हा तो आमच्याकडे पुण्यात आला. विदेशी प्राण्यांसाठी २०२४ च्या नियमांनुसार लागणारी नोंदणी आणि ताबा बदलल्याची नोंद, दोन्ही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर झाल्या आहेत. आपल्याकडचं तारा कासव मात्र घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याच्या चोचीबद्दल कुणी विचारलं, तर माझं उत्तर एकच असतं : ते वन विभागाकडे सोपवा.

दगडू वाढला तो काकडी, टोमॅटो आणि बारीक चिरलेल्या कोबीवर. आला तेव्हा वरची चोच पोपटासारखी खाली वळलेली होती. गवताला तोंड मारायचा आणि पात निसटून जायची. मग पुढच्या पायाने दाबून ओढायचा, अर्धं चिरडून टाकायचा. भूक उत्तम, पण वजन वाढत नव्हतं.

मार्च

डॉक्टरांनी चोचीला हात लावण्याआधी एक्स-रे काढला. कासवाला दात नसतात. जबड्याच्या हाडावर नखासारखं केराटिनचं आवरण असतं आणि ते आयुष्यभर वाढत राहतं. कॅल्शियम किंवा ऊन कमी पडून खालचं हाडच मऊ झालं, वाकलं, तर वरचं आवरणही वाकडंच वाढतं. तसं असेल तर कितीही घासलं तरी उपयोग नाही. दगडूचं हाड ठीक निघालं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

छोट्या फिरत्या ग्राइंडरने थोडं घासायचं, थांबायचं, पुन्हा थोडं घासायचं, असं काम चाललं. थांबावं लागतं, कारण घर्षणाने चोच तापते. टोकाचा भाग निर्जीव असला तरी त्याच्यामागे रक्त असलेला जिवंत भाग असतो, म्हणून पहिल्या खेपेला सगळं काढलं नाही. उरलेलं काही आठवड्यांनी काढलं. दगडूने डोकं बाहेर धरू दिलं. जी कासवं डोकं आत ओढून घेतात, त्यांना कधीकधी गुंगीचं औषध द्यावं लागतं.

घरच्या नेलकटरने हे कुणी करू नये. कापताना चोच उभी चिरते आणि चीर वर मांसापर्यंत गेली, तर जंतुसंसर्ग होऊन कासव खाणंच सोडू शकतं. घरी आपण फक्त पाहायचं. वरची चोच खालच्या चोचीवर किंचित येते, ते नैसर्गिक आहे. सल्काटाच्या वरच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात, तेही नैसर्गिक. कडेचा पातळ पापुद्रा निघाला तरी घाबरायचं कारण नाही. पण वर चढत जाणारी चीर, एका बाजूला सरकलेला जबडा, तोंडाला वास किंवा आत पिवळट थर दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एप्रिल-मे

खरी कमाई या दोन महिन्यांतली. चिरून देणं पूर्ण बंद केलं. शहाबादी फरशीचा एक तुकडा खडबडीत बाजू वर करून अंगणात ठेवला आणि जेवण त्याच्यावर. घास घेताना चोचीची कड दगडाला लागते आणि आपोआप झिजते.

रोजचं मुख्य अन्न हराळी आणि वाळलेलं गवत. जुडी सुतळीने घट्ट बांधून फरशीखाली दाबतो, म्हणजे त्याला ओढून तोडावंच लागतं. जोडीला जास्वंदाची पानं-फुलं, देठासकट तुतीची पानं आणि फड्या निवडुंग. निवडुंगाची कुसं गॅसवर नीट भाजून काढायची आणि फडा अख्खाच द्यायचा. चोचीच्या व्यायामासाठी मला याच्याइतकं चांगलं दुसरं काही सापडलेलं नाही. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर, पण प्रथिनंही बरीच, म्हणून तो थोडाच. पालक, माठ, चाकवत नाही : त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. आहारात फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम हवं.

समुद्रफेन, म्हणजे माकुलाच्या पाठीतलं हाड, कायम अंगणात पडलेलं असतं. पक्ष्यांचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. कोकणात किनाऱ्यावर सापडलं, तर खारटपणा जाईपर्यंत पाणी बदलत भिजवायचं. मागची कडक, धारदार पाठ काढून टाकायची. दगडू मन लावून चावतो. कॅल्शियमही जातं आणि चोचही घासली जाते.

जून-जुलै

पावसाळ्याने वेग कमी केला. नवं गवत कोवळं, चोचीला काम नाही. शिवाय ढगांमुळे ऊन नाही आणि ओल व गारठा मिळून सल्काटाच्या फुप्फुसांना त्रास होतो. म्हणून तो आत, कोरड्या खोलीत. तिथे यूव्हीबी नळी (यूव्हीबी म्हणजे उन्हातले अतिनील किरण, कॅल्शियम अंगी लागायला ते लागतात) आणि तिच्याखाली ३५ अंशांच्या आसपास तापणारी जागा. नळी पेटलेली दिसली तरी तिच्यातलं यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून प्रकारानुसार सहा महिने ते वर्षभरात बदलावी लागते. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी कामाचं नाही, काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. उन्हाळ्यात साठवलेलं वाळकं गवत आता उपयोगी पडलं. फरशीही आत आणली.

ऑगस्ट

एकाच अंतरावरून, एकाच बाजूने, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढत आलो आहे. मार्चच्या दुसऱ्या घासणीनंतरची कड आणि आताची कड जवळजवळ एकसारखी दिसते. म्हणजे वाढ आणि झीज यांचा मेळ बसतोय. पण मी जास्त महत्त्व देतो ते घासाला. आता पात एका चाव्यात तुटते, कट स्वच्छ असतो, फरशीवर चिरडलेला चोथा उरत नाही. वजनाचा काटा दर महिन्याला पुढे सरकतोय. हा प्राणी पुढे ४५ किलोंच्या वर जाऊ शकतो. तेव्हा डोकं धरून चोच घासणं किती अवघड होईल, याचा विचार करता हा मेळ आत्ताच बसलेला बरा.

पुढचं काम : फरशीची रोज वापरातली बाजू गुळगुळीत व्हायला लागली आहे. ती टाकीने टाचून घेणार आहे. दिवाळीआधी डॉक्टरांकडे एकदा जबडा दाखवायचा आहे, घासायची गरज नसली तरी. फोटो शेजारी-शेजारी लावून पुढच्या नोंदीत देईन.