आजीनं पाठी पाहिल्या

माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात होती. आज आपण ज्या जागेला दीक्षाभूमी म्हणतो, तिथं. तेव्हा ते व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं मोकळं मैदान होतं. आजी अठरा वर्षांची, काखेत आठ महिन्यांचं लेकरू. ते लेकरू म्हणजे माझे मोठे बाबा.

लहानपणी मी दर दसऱ्याला तिला एकच प्रश्न विचारायची. "आजी, बाबासाहेब कसे दिसत होते?" आणि ती दरवेळी एकच उत्तर द्यायची. "मले नाही दिसले वं माय. मले पाठी दिसल्या."

मला फार वाईट वाटायचं. एवढी चालत गेली आणि दिसलंच नाही काही!

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, नागपूर सत्तरेक किलोमीटर. गावातून चार बंड्या निघाल्या. बंडीत म्हातारे आणि लेकरं, बाकी सगळे पायदळ. जाम, बुटीबोरी, मग नागपूर, वाटेत दोन मुक्काम. शिदोरीला ज्वारीच्या भाकरी आणि जवसाची चटणी. पऱ्हाटी फुटायला लागली होती, वेचणीची मजुरी बुडणार होती. ज्याच्या शेतात आजोबा सालानं होते त्यानं बजावलं होतं की गेलास तर परत येऊ नको. आजोबा गेले. आल्यावर दुसरीकडे काम धरलं. हे आजी एका वाक्यात सांगायची आणि लुगड्याकडे वळायची. लुगड्याची गोष्ट मात्र तिला कितीही वेळा सांगितली तरी कमीच वाटायची.

पांढरी वस्त्रं नेसून यायचं, असा निरोप गावात आला होता. आणि आजीकडे पांढरं लुगडं नव्हतं. असणार कसं? पांढरं लुगडं नेसायची ती नवरा गेलेली बाई. शेजारी एक तशी बाई होती, आजी तिला काकू म्हणायची. काकूकडे दोन लुगडी, एक अंगावर आणि एक दांडीवर. दांडीवरचं तिनं आजीला दिलं. आजी ते नेसून अंगणात आली तशी तिची सासू दारातच थबकली. लेक जिवंत, सून पांढऱ्या लुगड्यात, काखेत नातू. सासू काही बोलली नाही. आत गेली, गोडेतेलाची वाटी आणली आणि आजीच्या केसांना तेल लावून दिलं. "तिचे हात कापत होते," आजी सांगायची. "पन नाही नको म्हनली."

रविवार होता तो. सकाळी बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण आणि पंचशील घेतलं. मग बाबासाहेबांनी समोर बसलेल्या लोकांना विचारलं, ज्यांना दीक्षा घ्यायची आहे त्यांनी उभं राहावं. त्यांना त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. हे सगळं आता पुस्तकांत आहे. पाच लाखांच्या आसपास माणसं होती असं सांगतात.

आजी या पाच लाखांत फार मागे बसली होती. भोंग्यातून आवाज यायचा, मध्येच वाऱ्यानं तुटायचा. "उभे राहा म्हनले, आन् सारे उभे रायले. मंग मले काय दिसन? पांढऱ्या पाठी. म्होरच्या बाईच्या पाठीवर लुगडं इरलं होतं, तथून तिचं हाड दिसत होतं. ते हाड वर-खाली होत होतं. रडत होती थे. मीबी तिच्याच पाठीकडे पाहून एकेक शब्द म्हनला."

मी शिक्षिका झाले तेव्हा एका विशेषांकासाठी आजीची आठवण लिहून दिली. त्यात मी घातलं की गर्दीतून क्षणभर वाट मोकळी झाली आणि आजीला व्यासपीठावर पांढऱ्या वेशातले बाबासाहेब दिसले. मला ते तिच्यासाठी हवं होतं. अंक आला तो तिला वाचून दाखवला. ती शांतपणे ऐकत होती. त्या ओळीला म्हणाली, "हे म्या कवा सांगतलं तुले?"

मी म्हटलं, आजी, वाचायला बरं वाटतं म्हणून.

"मंग त्या बाईची पाठ कोठी गेली?"

पाठ मी काढून टाकली होती. जागा पुरत नव्हती.

ती लाज अजून माझ्या मनात आहे. तेव्हापासून जगात जिथं कुठं कुणी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं आहे, ते मी शोधून वाचते आणि एकच बघते: सांगणारा उभा कुठं होता? ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला हिरोशिमावर बॉम्ब पडला. वाचलेल्या माणसांनी त्याला दोन नावं दिली. जे जवळ होते ते नुसतं 'पिका' म्हणायचे, म्हणजे लख्ख उजेड. त्यांच्यातल्या बहुतेकांना आवाज आठवतच नव्हता. जे लांब होते ते 'पिकादोन' म्हणायचे, उजेड आणि धमाका. दोघंही खरं बोलत होते. एका नावावरून कळायचं की हा माणूस त्या सकाळी किती लांब होता.

आणि इटलीतला तो प्लिनी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी फुटला तेव्हा सतरा वर्षांचा होता, खाडीच्या पलीकडे मिसेनम इथं. मामा जहाज घेऊन डोंगराच्या दिशेनं निघाला, येतोस का म्हणून विचारलं. यानं अभ्यास आहे म्हणून नाही सांगितलं. मामा परत आलाच नाही. कित्येक वर्षांनी टॅसिटस या इतिहासकारानं मागितलं म्हणून त्यानं पत्रं लिहिली, आणि मामाचा मृत्यू आपण स्वतः पाहिला असं कुठंही भासवलं नाही. स्वतःचं सांगितलं ते आईला घेऊन राखेच्या अंधारात पळण्याचं. कुणाला काही दिसत नव्हतं. माणसं आई-बापाला, लेकरांना हाका मारत होती आणि आवाजावरून एकमेकांना ओळखत होती. त्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराबद्दल मी जे काही वाचलंय, त्यात मला तेवढंच कायम ऐकू येतं.

आजीला मी प्लिनीचं सांगितलं होतं. ती म्हणाली, "बरोबर हाय त्याचं."

ते लुगडं जपून ठेवलंय का, असं मला पुष्कळ जण विचारतात. नाही. आजीनं गावी आल्यावर धुऊन काकूला परत दिलं. काकूला नागपूरला जाता आलं नव्हतं, घरी पडलेला म्हातारा सासरा होता. दीक्षेहून आलेलं लुगडं म्हणून तिनं ते पेटीत ठेवायला नकार दिला. रोज नेसली. निंदायला, वेचायला, फाटेपर्यंत. बावीस प्रतिज्ञा आजीनं तिला तिच्या ओट्यावर बसून म्हणून दाखवल्या, आठवल्या तेवढ्या. दीक्षेनंतर ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. ती बातमी गावात आली तेव्हाही काकूच्या अंगावर तेच लुगडं होतं.

आजी जाऊन सहा वर्षं झाली. या दिवाळीच्या सुट्टीत मी गावातल्या एका आजोबांकडे मोबाईल घेऊन बसले होते. ते तेव्हा नऊ वर्षांचे होते. मी आधीच सांगितलं, आजोबा, जे दिसलं तेवढंच सांगा, दिसलं नसेल तर नाही म्हणा.

"दिसलं ना," ते म्हणाले. "बापाच्या खांद्यावर होतो मी. मले सारं दिसत होतं."

मी पुढं सरकले.

"पन बाप माहा बुटका. त्याले काई नाही दिसे. थो खालून माहे पाय हालवे आन् इचारे, काय करून रायले रे आता? मी वरून सांगो. हात जोडले. मंग इचारे, आता? आता बोलून रायले. आता? मले कटाळा आला बाई, लहानच होतो. मी म्हटलं, बाबा, तुम्ही ऐका ना."

थोडा वेळ ते गप्प राहिले, मग मोबाईलकडे बोट करून म्हणाले, "हे माहं सांगनं नोको घेऊ त्याच्यात. थे पाय हालवनं घे."