इंद्रहार जोत: त्रिउंडच्या पुढची चढाई

हिमाचलातल्या मॅक्लिओडगंजहून त्रिउंडच्या माळापर्यंत (सुमारे २८५० मीटर) नुसती जत्रा असते. स्नोलाइन नावाचा वरचा थांबा मागे पडला की माणसं विरळ होतात आणि इलाका गोटच्या कुरणानंतर तर धौलाधार रांगेची ती करडी भिंत आणि आपण, एवढंच उरतं. ‘त्रिउंड झालं, आता इंद्रहारही उरकू’ म्हणणारे बरेच भेटतात. पण इंद्रहार जोत, म्हणजे इंद्रहारची खिंड, ४३४२ मीटरवर आहे आणि खरी चढाई शेवटच्या सात-आठशे मीटरच्या उंचीत ठासून भरलेली आहे.

पाणी इलाक्याच्या ओढ्यावरच भरून घ्या. पुढचा मुक्काम लाहेश गुहेत. गुहा कसली, एका अजस्र शिळेखालची कपार! मेंढपाळ आधी उतरले असतील तर जागा त्यांची, म्हणून तंबू सोबत हवाच.

लाहेशहून पहाटे अंधारातच निघावं. दुपारकडे ढग चढतात आणि मग पुढचा दगडही दिसेनासा होतो. वाट अशी नाहीच. आधी मोठमोठे धोंडे, मग तिरके कातळ. कुणीतरी दगडावर दगड रचून ठेवलेल्या खुणा शोधत जायचं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कातळावर पहाटेचं दव गोठलेलं होतं, तिथे बूट अजिबात धरत नव्हते. सह्याद्रीतल्या घळी चढलेल्यांना चढ ओळखीचा वाटेल, पण इथे चार पावलांनंतर श्वास पुरत नाही. त्यामुळे त्रिउंडला किंवा स्नोलाइनला एक रात्र जास्तीची काढाच. डोकं ठणकून मळमळत असेल तर वर जायचं नाव काढू नका.

वरून गद्दी मेंढपाळांचा कळप उतरत होता. थंडीच्या तोंडावर ते चंबाकडून कांगड्यात येतात. एकाच्या लोकरी चोळ्यातून, म्हणजे सैल अंगरख्यातून, कोकराचं इवलंसं तोंड बाहेर आलेलं, आणि तो मात्र हात खिशात घातल्यासारखा आरामात उतरत होता. कळप वर दिसला की बाजूला कड्याच्या आडोशाला थांबा, मेंढ्यांच्या पायांनी दगड सुटतात.

माथा म्हणजे अरुंद खाच. पलीकडे पीर पंजालची रांग, हवा स्वच्छ असेल तर मणिमहेश कैलासचं शिखरही. वारा मात्र बसू देत नाही. पलीकडे छत्ता पडाव, कुआर्सीमार्गे चंबाच्या बाजूला उतरता येतं. आम्ही आल्या वाटेने परतलो.

माझ्या मते चढण्यापेक्षा उतरणंच अवघड. गुडघे बोलायला लागतात आणि नेमकी तेव्हाच घाई होते. दोन काठ्या घ्या आणि परत फिरायची वेळ निघण्याआधीच ठरवून ठेवा, माथा हातभर राहिला तरी. पावसाळ्यात इकडे फिरकू नका, धर्मशाळेच्या डोंगरात पाऊस बेफाम कोसळतो. जूनपर्यंत वरच्या घळींत बर्फ असतो, तेव्हा बर्फाची सवय असलेला वाटाड्या हवाच. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हा काळ सगळ्यात बरा, पण तेव्हाही हवामानाचा अंदाज आणि परवानगीचे नियम निघण्याआधी मॅक्लिओडगंजमध्येच विचारून घ्या.